ओसरत्या साथीचा कारभार

साथीच्या रोगांचा इतिहास लिहिणारांचें लक्ष बहुधा दोन प्रसंगांवर खिळलेलें असतें: रोग प्रथम शिरला तो दिवस, आणि त्यानें कळस गांठला तो दिवस. तिसरा प्रसंग म्हणजे रोग ओसरूं लागला तो काळ. तो एका वाक्यांत आटोपतो. पुढें साथ शमली, एवढें लिहून इतिहासकार दुसऱ्या प्रकरणाकडे वळतो. परंतु राज्यकारभाराच्या दृष्टीनें पाहिलें असतां हा तिसरा काळच सर्वांत अवघड होय, असें आमचें मत आहे. रोग चढत असतां काय करावें याविषयीं फारसा मतभेद नसतो. भीति हीच तेव्हां कारभाऱ्याला बळ देते, आणि लोकही निमूटपणें ऐकतात. रोग उतरूं लागला म्हणजे भीति आधीं उतरते आणि धोका मागाहून. या दोहोंमधील अंतरांत जो कारभार करावा लागतो त्यास ना भीतीचें पाठबळ असतें, ना विजयाचें श्रेय. कोणता निर्बंध आज काढावा, कोणता महिनाभर ठेवावा, कोणती खाट मोडावी आणि कोणती झांकून ठेवावी, असले रुक्ष प्रश्न तेव्हां सोडवावे लागतात. आणि पुढील लाटेंत किती माणसें वांचतील हें पुष्कळसें त्यांच्या उत्तरांवर अवलंबून असतें.

हा विचार मुंबईच्या उपनगरांतील नाहूर या एका लहानशा भागाच्या अनुषंगानें करावा, असें आम्हीं योजिलें आहे. नाहूर हें साष्टींतील एक जुनें गांव. १९५७ सालीं मुंबई महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली तेव्हां हा प्रदेश मुंबईंत सामील झाला. मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड या दोन जुन्या स्थानकांच्या मध्यें त्याचें स्थानक आहे. गोरेगांवाकडून येणारा जोडरस्ता येथेंच रुळांजवळ येतो. महापालिकेच्या विभागरचनेंत भांडुपचा 'एस' विभाग आणि मुलुंडचा 'टी' विभाग यांची शीव याच परिसरांतून जाते, आणि उत्तरेस थोड्याच अंतरावर मुंबईची हद्द संपून ठाण्याची लागते. एका बाजूस भांडुपच्या टेकडीवरील दाट वस्ती, दुसऱ्या बाजूस मुलुंडकडील उंच इमारती, आणि मध्यें लाल बहादूर शास्त्री मार्गालगतचीं कारखान्यांचीं आवारें, अशी ही जागा आहे. शिवेवरच्या गांवाला दोन्ही बाजूंचे नियम सोसावे लागतात. म्हणूनच कारभाराची पारख अशा ठिकाणीं अधिक चांगली होते.

मुंबईस ओसरत्या साथीचा अनुभव नवा नव्हता. १८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकासियो व्हिएगस यांना मांडवी भागांत ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, आढळला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि मार्चांत ब्रिगेडियर जनरल गटॅकर यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग समिति नेमून सरकारनें महापालिकेच्या हातचें काम आपल्याकडे घेतलें. उन्हाळ्याच्या अखेरीस साथ उतरली. शहर सोडून गेलेले लोक परतूं लागले, गिरण्या गजबजल्या. परंतु पुढील हिंवाळ्यांत प्लेग पुन्हा उठला, आणि पुन्हा घरझडत्या सुरू झाल्या. पहिल्या खेपेस भीतीनें गप्प राहिलेले लोक दुसऱ्या खेपेस गप्प राहिले नाहींत. ९ मार्च १८९८ रोजीं मुंबईंत मोठा दंगा झाला. मधल्या उताराच्या महिन्यांत सरकारनें लोकांचें मन वळविण्याचें काम केलें नव्हतें, त्याची ही किंमत होती.

१९१८ चा इन्फ्लुएंझा हा याहून कठोर धडा होय. जूनच्या १० तारखेस गोदीवरचे सात पोलीस शिपाई तापानें रुग्णालयांत दाखल झाले. जूनअखेर ताप शहरभर पसरला आणि जुलैंत मावळला. ही पहिली लाट सौम्य होती. जो तो ती विसरून गेला. सप्टेंबरांत तोच रोग उग्र रूपानें परतला, आणि ६ ऑक्टोबर या एकाच दिवशीं मुंबईंत ७६८ मृत्यु नोंदले गेले. जुलै आणि सप्टेंबर यांमधले आठ-दहा आठवडे शहराला पुकट मिळाले होते. तयारीवांचून ते तसेच निघून गेले.

आतां आमच्या काळाकडे वळूं. मुंबईंत कोरोनाचे पहिले रुग्ण ११ मार्च २०२० रोजीं आढळले, आणि दोनच दिवसांनीं राज्य सरकारनें तोच १८९७ चा कायदा लागू केला. मार्चअखेर लोकल गाड्या थांबल्या. मे महिन्यांत इक्बालसिंह चहल आयुक्त झाले, आणि त्यानंतर एक महत्त्वाचा फेरबदल घडला. एकाच मध्यवर्ती कक्षांतून खाटा वांटण्याची रीति सोडून शहराच्या २४ विभागांत स्वतंत्र नियंत्रण कक्ष उघडण्यांत आले. भांडुपच्या रुग्णाची चौकशी भांडुपमध्यें आणि मुलुंडच्या रुग्णाची मुलुंडमध्यें होऊं लागली. आमच्या मतें या साथींतील सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच होय. कारण स्थानिक स्वराज्य हा शब्द ज्या अर्थानें आपण वापरतों तो अर्थ येथें प्रथम दिसला.

जूनांत शहराच्या मध्यभागीं रोगाची गति मंदावूं लागली, पण उपनगरांत ती चढती होती. म्हणून २२ जून २०२० रोजीं महापालिकेनें 'मिशन झीरो' या नांवाची शीघ्र मोहीम काढली. पन्नास फिरते दवाखाने मुलुंड, भांडुप, मालाड, कांदिवली, बोरिवली व दहिसर या भागांत धाडून घरोघर ताप तपासावा आणि संशयितांस वेळींच वेगळें करावें, असा तो बेत होता. ७ जुलै रोजीं मुलुंडच्या बाजूस रिचर्डसन अँड क्रुडास या जुन्या कंपनीच्या आवारांत सिडकोनें उभारलेलें मोठें तात्पुरतें रुग्णालय महापालिकेच्या स्वाधीन झालें. लोकांच्या तोंडीं त्याचें नांव 'जंबो सेंटर' असें पडलें. १८५८ सालीं स्थापन झालेल्या, लोखंडाची कामें करणाऱ्या कंपनीच्या आवारांत रुग्णांच्या खाटा मांडल्या जाव्यात, हा काळाचा एक चमत्कारच म्हणावयाचा.

त्याच जुलैंत शहराच्या तीन विभागांतील रक्तपरीक्षेचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. झोंपडवस्तींत शेंकडा ५७ लोकांना, तर इमारतींत शेंकडा १६ लोकांनाच रोग स्पर्शून गेल्याच्या खुणा सांपडल्या. नाहूरसारख्या ठिकाणीं, जेथें दोन्ही प्रकारची वस्ती एका रस्त्यानें विभागलेली आहे, तेथें या आंकड्यांचा अर्थ उघड होता. टेकडीवर साथ ओसरली म्हणून खालच्या इमारती सुरक्षित झाल्या असें होत नव्हतें. उलट त्यांची पाळी यावयाचीच होती.

७ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईच्या पहिल्या लाटेनें कळस गांठला आणि तेथून उतार लागला. दिवाळी गेली, नवें वर्ष आलें, १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झालें. १ फेब्रुवारीपासून लोकल गाड्या सर्वांना खुल्या झाल्या. पण पहाटेपासून सातपर्यंत, दुपारीं बारा ते चार आणि रात्रीं नऊनंतर, एवढ्याच वेळांत. गर्दी वांटून देण्याची ही युक्ति वाईट नव्हती. परंतु लोकांनीं तिचा अर्थ निराळा घेतला. गाडी सुरू झाली म्हणजे संकट टळलें, हें मुंबईकराचें जुनें पंचांग आहे. त्याच महिन्यांत आंकडे पुन्हा हलूं लागले, आणि वाढीची पहिली वर्दी देणाऱ्या भागांत मुलुंड होतें. १८ फेब्रुवारीस महापालिकेनें पत्रक काढून पांचांहून अधिक रुग्ण सांपडतील ती इमारत बंद करण्याचा हुकूम दिला. पहिला उतार येथें संपला.

या पहिल्या उताराची एक दारुण आठवण नाहूरच्या उंबरठ्यावरच आहे. भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्यें तिसऱ्या मजल्यावर एक रुग्णालय होतें. साथींत खाटांची निकड असल्यामुळें त्यास तात्पुरती परवानगी मिळाली होती, आणि तिची मुदत ३१ मार्च २०२१ रोजीं संपावयाची होती, असें मागाहून मुख्यमंत्र्यांनीं सांगितलें. २५ मार्चच्या रात्रीं त्या मॉलला आग लागली आणि ११ जण मृत्यु पावले. दोष कोणाचा हें ठरविणें हें न्यायासनाचें काम. तें आम्ही करीत नाहीं. परंतु एक गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकानें नोंदविलीच पाहिजे. संकटाच्या भरांत जें तात्पुरतें उभें राहतें त्याची फेरतपासणी करण्यास उतार हाच काळ असतो. चढाच्या वेळीं ती होऊं शकत नाहीं, कारण खाट हवी असते. आणि उतारांतही झाली नाहीं तर मग ती केव्हांच होत नाहीं.

दुसरी लाट ४ एप्रिल २०२१ रोजीं कळसास पोंचली. त्या एका दिवशीं मुंबईंत ११ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. मे महिन्यांत ती उतरत असतांच तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याशीं आलें. तेव्हां बांद्रा-कुर्ला संकुल, दहिसर आणि मुलुंड येथील तीन जंबो केंद्रांतून ५८० रुग्ण रातोरात इतर रुग्णालयांत हलविण्यांत आले; त्यांपैकीं १५४ मुलुंडचे होते. हें काम नीट पार पडलें याचें एक कारण असें कीं, उताराला लागलेल्या शहरांत तेव्हां खाटा रिकाम्या होऊं लागल्या होत्या, आणि रिकाम्या होतांच त्या मोडून टाकलेल्या नव्हत्या.

त्यानंतर राज्य सरकारनें उताराचें शास्त्र बनविण्याचा पहिलाच प्रयत्न केला. ४ जूनच्या हुकुमान्वयें जिल्हे व मोठ्या महापालिका यांचे पांच स्तर पाडण्यांत आले. कसोट्या दोन: चाचणी झालेल्या दर शंभर माणसांत किती बाधित निघाले, आणि ऑक्सिजनच्या शंभर खाटांपैकीं किती भरलेल्या आहेत. शेंकडा ५ हून कमी बाधित आणि शेंकडा २५ हून कमी खाटा व्यापलेल्या असतील तेथें पहिला स्तर, म्हणजे जवळजवळ पूर्ण मोकळीक. मुंबईचे आंकडे तेव्हां ५.५६ आणि ३२.५१ होते; म्हणून ७ जूनपासून ती तिसऱ्या स्तरांत बसली. ठाणें शहर मात्र दुसऱ्या स्तरांत गेलें.

याचा अर्थ नाहूर-मुलुंडच्या दुकानदाराला विचारावा. त्याचें दुकान दुपारीं चारला बंद होई आणि किराणा-औषधाखेरीज इतर धंद्यांस शनिवार-रविवारीं कुलूप असे. मुलुंड नाक्यापलीकडे ठाण्यांत दुकानें नेहमींच्या वेळेपर्यंत उघडीं, आणि तेथील मॉलसुद्धां चालू. गिऱ्हाईक नाका ओलांडून जाई, आणि परत येई तें त्याच रस्त्यानें, त्याच हवेंतून. जंतूंना नगरपालिकांच्या शिवा कळत नाहींत. दोन स्वतंत्र कारभारांनीं आपापल्या आंकड्यांशीं प्रामाणिक राहावें, पण एकमेकांशीं बोलूं नये, तर प्रामाणिकपणाचेंही हंसें होतें, तें असें.

जूनच्या मध्यास मुंबईचें बाधितांचें प्रमाण ३.७९ वर आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटांचें २३.५६ वर आलें. हुकुमाच्या अक्षरानुसार शहर आतां पहिल्या स्तराला पात्र होतें. परंतु महापालिकेनें तिसऱ्याच स्तरांत राहण्याचें ठरविलें. तिनें दिलेलीं कारणें अशीं: शहराची दाटी, बाहेरून लोकलनें रोज येणारे असंख्य लोक, आणि तज्ज्ञांनीं वर्तविलेली तिसरी लाट. थोड्याच दिवसांत, २५ जून रोजीं, डेल्टा प्लसच्या भीतीनें राज्य सरकारनेंही कोणालाच तिसऱ्या स्तराखालीं उतरूं न देण्याचा हुकूम काढला.

या निर्णयावर त्या वेळीं पुष्कळ टीका झाली, आणि ती निराधार नव्हती. ज्याचें पोट रोजच्या विक्रीवर आहे त्याला नियम सांगावा, त्यानें तो पाळावा, आणि कसोटीस उतरल्यावर कसोटीच बदलावी, हें कोणासही अन्यायाचें वाटेल. घरकामाला भांडुपहून मुलुंडला जाणाऱ्या बाईला लोकल बंद होती. रिक्षाचें भाडें तिच्या मजुरीचा लचका तोडी. ही हानि कोणत्याही दैनिक पत्रकांत मोजली जात नव्हती. तथापि आमचा कौल, थोड्या संकोचानें कां होईना, महापालिकेकडे झुकतो. फेब्रुवारीची चूक तिच्या डोळ्यांसमोर ताजी होती. आणि दोन आंकड्यांची कसोटी कितीही शास्त्रीय दिसली तरी, चाचण्या किती व कोणाच्या झाल्या यावर पहिला आंकडा हेलकावे खातो, हें जाणत्यांना ठाऊक होतें. कारभाऱ्याला आंकड्यापलीकडे पाहण्याचा अधिकार असावाच. मात्र त्या अधिकाराबरोबर एक कर्तव्य येतें: ज्याचें नुकसान होणार त्याला कारण आधीं सांगावें आणि मुदत सांगावी. कारण सांगितलें गेलें. मुदत मात्र पंधरवड्यापंधरवड्यानें पुढें सरकत राहिली. ऑगस्टच्या आरंभीं दुकानांच्या वेळा रात्रीं दहापर्यंत वाढल्या, आणि १५ ऑगस्टपासून लशीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली. निर्बंधाचा निकष प्रदेशावरून माणसावर आला, ही या दुसऱ्या उतारांतली मोठी सुधारणा होय. त्याचें फळही दिसलें: १७ ऑक्टोबर २०२१ रोजीं, मार्च २०२० नंतर प्रथमच, मुंबईंत कोरोनानें एकही मृत्यु नोंदला गेला नाहीं.

तिसरी लाट वादळासारखी आली आणि गेली. ३ जानेवारी २०२२ च्या नियमानें, इमारतींतील शेंकडा २० हून अधिक घरांत रुग्ण असतील तरच ती बंद करावयाची होती. पांच रुग्णांच्या जुन्या नियमाशीं हा ताडून पाहावा; दहा बिऱ्हाडांची चाळ आणि दोनशें बिऱ्हाडांचा मनोरा यांना एकच माप लावणें किती विसंगत होतें, हें अनुभवानें कळलें होतें. ७ जानेवारीस एका दिवसांत २०,९७१ रुग्ण नोंदले गेले, हा शहराचा सर्वोच्च आंकडा; पण महिना संपण्यापूर्वींच उतार स्पष्ट झाला. जंबो केंद्रें टप्प्याटप्प्यानें बंद करण्यांत आलीं. ३१ मार्च रोजीं मंत्रिमंडळानें सर्व निर्बंध उठविले, मुखपट्टी ऐच्छिक झाली, आणि २ एप्रिलला गुढीपाडव्याच्या शोभायात्रा दोन वर्षांनीं निघाल्या.

या तिसऱ्या उतारांत एक गोष्ट घडली, तिच्याकडे त्या आनंदांत फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. ७ मार्च २०२२ रोजीं महापालिकेची मुदत संपली. निवडणूक झाली नव्हती, म्हणून आयुक्त हेच प्रशासक झाले; आणि ती निवडणूक व्हावयास जानेवारी २०२६ उजाडावें लागलें. १८९७ सालीं साथ चढतांना महापालिकेच्या हातून काम काढून घेण्यांत आलें, तेव्हां शहरांतील पुढाऱ्यांनीं निषेध केला होता. २०२२ सालीं साथ उतरतांना नगरसेवकांचें सभागृहच रिकामें झालें. कोणतें केंद्र मोडावें, कोणत्या खाटा ठेवाव्या, दोन वर्षांच्या खर्चाचा जाब कोणीं द्यावा, हे प्रश्न नेमके त्याच वेळीं उभे होते. आणि ते विचारण्यासाठीं नाहूरच्या मतदारानें निवडलेला कोणीही माणूस सभागृहांत बसलेला नव्हता.

प्लेगनें मुंबईला कांहीं कायमच्या संस्था दिल्या. १८९८ सालीं नगरसुधार मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झालें; परळला हाफकिन यांची प्रयोगशाळा उभी राहिली, ती आजही त्यांच्या नांवानें चालते. ट्रस्टनें गरिबांचीं घरें पाडलीं तितकीं बांधलीं नाहींत, हा आक्षेप खरा. पण साथ ही घरांचा, हवेचा आणि पाण्याचा प्रश्न आहे, ही जाणीव तिनें कायद्यांत आणली. कोरोनानें काय दिलें? कस्तुरबा रुग्णालयांत ऑगस्ट २०२१ मध्यें विषाणूंची जनुकीय तपासणी करणारी प्रयोगशाळा सुरू झाली, आणि नोव्हेंबर २०२२ पासून 'आपला दवाखाना' ही वस्तीजवळच्या दवाखान्यांची योजना आली. ह्या चांगल्या गोष्टी आहेत. परंतु त्या २४ विभागीय कक्षांत परिचारिका, डॉक्टर, शिक्षक आणि कारकून यांनीं मिळून जें ज्ञान जमविलें, म्हणजे कोणत्या गल्लींत कोण एकटा राहतो, कोणत्या चाळींत किती बिऱ्हाडांमागें एक नळ आहे, कोणाला खाटेपर्यंत नेण्यास गाडी मिळत नाहीं, तें जतन करावयास हवें होतें. मंडप पुन्हा उभारतां येतो. हें ज्ञान एकदां विरलें म्हणजे पुन्हा पहिल्यापासून गोळा करावें लागतें, आणि तेंही रोग दाराशीं असतांना.

तीन उतार एकापुढें एक ठेवले असतां आम्हांस त्यांतून एक क्रम दिसतो. पहिला उतार हा शेवट आहे असें समजून शहर फसलें. दुसऱ्या उतारांत तें सावध राहिलें, पण सावधगिरीची किंमत कोणीं मोजावी हें त्यानें ठरविलें नाहीं. तिसऱ्या उतारांत मोकळीक वेळेवर मिळाली, पण हिशेब मागणारी सभा नव्हती. म्हणजे प्रत्येक वेळीं महापालिकेनें मागची चूक टाळली. एवढें शहाणपण १८९८ किंवा १९१८ सालीं दिसलें नव्हतें, हें मान्य करणें न्यायाचें होय. उरली ती उणीव ज्ञानाची नव्हे. ती उत्तरदायित्वाची आहे. माप काय, कारण काय, मुदत किती, आणि नुकसान सोसणाराला काय मिळेल, या चार गोष्टी निवडून दिलेल्या सभेंत उघडपणें मांडल्या जाव्या, आणि त्याही चढाच्या धांदलींत नव्हे तर उताराच्या निवांतपणीं, एवढेंच आमचें मागणें आहे.

२४ जानेवारी २०२३ रोजीं मुंबईंत, मार्च २०२० नंतर प्रथमच, कोरोनाचा एकही नवा रुग्ण आढळला नाहीं. नाहूरच्या स्थानकावर त्या दिवशीं गाडीला रोजच्यासारखीच गर्दी होती, आणि त्या आंकड्याचा उच्चार फारसा कोणीं केला नसावा. लोकांनीं विसरावें, त्यांत वावगें कांहीं नाहीं. त्यांना उद्यांची गाडी गांठावयाची असते. विसरूं नये तें महापालिकेनें; तिच्या दप्तरांत आणि तिच्या सभागृहांत ही आठवण जिवंत राहिली, तरच पुढचा उतार खरा उतार ठरेल.